सत्तरच्या दशकातले कपडे ट्रंकेतून बाहेर काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेलबॉटम, टेरिकॉटचा लांब कॉलरीचा शर्ट, सफारी, नायलॉनची साडी, मोठ्या काचांचा गॉगल. माळ्यावरची ट्रंक उघडली की हेच निघतं, आणि बघणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो कापड जवळजवळ नवं दिसतं याचा. फसगत नेमकी तिथेच होते. कापड टिकलेलं असतं; दोरा, इलॅस्टिक, कॉलरीतला कॅनव्हास, चेन, बुटाचा तळवा हे सगळं केव्हाच गेलेलं असतं. खालची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

कपडा सत्तरच्या दशकातलाच आहे हे कसं ओळखायचं?

पँट असेल तर आधी बॉटम, म्हणजे पायाच्या तळाचा पूर्ण घेर, मोजा. साठच्या दशकातल्या नळीसारख्या पँटचा बॉटम १३-१४ इंच असे. सत्तरच्या दशकात तो २२ वर गेला, हौशी मंडळींनी २८ पर्यंत नेला. ऐंशीच्या दशकात कमरेला चुण्या, मांडीला सैल आणि खाली पुन्हा अरुंद अशी बॅगी आली. शर्टात कॉलरीचं टोक मोजा. चार इंच किंवा त्याहून लांब टोक, अंगासरशी कट आणि पाठीला दोन उभे टक्स असतील, तर तो सत्तरचाच धरायला हरकत नाही.

पँट उलटी करून आतल्या कापडाचा काठही पाहा. तिथे बऱ्याचदा गिरणीचं नाव छापलेलं सापडतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरणगावातल्या अनेक गिरण्या पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. त्यामुळे मुंबईच्या एखाद्या बंद पडलेल्या गिरणीचा छाप असलेलं कापड बहुधा त्याआधीचं असतं. मात्र कापड घेऊन ठेवायचं आणि चार-पाच वर्षांनी एखाद्या लग्नाला शिवायचं, ही आपल्याकडची रीतच होती. म्हणून कापडाचा काळ आणि शिलाईचा काळ एकच असेल असं धरून चालू नका.

टेरिलिन, टेरिकॉट, टेरिवूल यांत फरक काय?

टेरिलिन म्हणजे शंभर टक्के पॉलिएस्टर. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी हा धागा शोधला, आणि त्याला तिथे मिळालेलं व्यापारी नाव आपल्याकडे कापडाचंच नाव होऊन बसलं. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत. नेहमीचं प्रमाण ६७ ला ३३. टेरिवूल म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकर, बहुतेक वेळा ५५ ला ४५. नायलॉन हा वेगळाच धागा आहे, त्याची निगाही वेगळी. ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकल्या गेलेल्या साड्या रेशमाच्या नसून बहुधा रेयॉनच्या असतात. रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते, म्हणून अशी साडी कधीही पिळू नये.

खात्री करायची तर शिलाईच्या आतल्या बाजूचे दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवा. शेजारी पाणी हवंच. सूत आणि रेयॉन लगेच पेट घेतात, कागद जळल्याचा वास येतो, मऊ राखाडी राख पडते. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखे वास मारतात, त्यांचा जळून उरलेला काळा मणी बोटांत चुरडतो. टेरिलिन ज्योतीपासून आक्रसून मागे सरतं, वितळतं, काळा धूर सोडतं. त्याचा मणी टणक, काळपट असतो आणि चुरडत नाही. नायलॉनही वितळतं, पण धूर कमी आणि मणी फिकट तपकिरी. टेरिकॉट कागदासारखं जळतं आणि राखेत कडक खडे राहतात. मणी पूर्ण गार झाल्याशिवाय बोट लावू नका. वितळलेलं पॉलिएस्टर कातडीला चिकटतं.

कापड धडधाकट आहे, मग पँट घातल्याबरोबर मागून का उसवली?

कारण शिलाई बहुधा सुती दोऱ्याची होती. पॉलिएस्टरला घाम, दमट हवा, बुरशी फारसं काही करत नाही. सुती दोरा मात्र पन्नास पावसाळ्यांत कुजतो. कपडा घालण्याआधी प्रत्येक शिलाई दोन अंगठ्यांनी हळू ताणून बघा. ‘कट्’ असा आवाज आला तर ती शिलाई गेली.

दुरुस्ती सोपी आहे. जुना दोरा पूर्ण काढून टाका, त्यावरूनच नवी शिलाई मारू नका. दोरा पॉलिएस्टरचा घ्या. पातळ शर्टाला ११ नंबरची सुई, पँटला १४ नंबरची. इंचाला १० ते १२ टाके, आणि वरच्या दोऱ्याचा ताण नेहमीपेक्षा थोडा सैल. ताण जास्त राहिला तर शिलाईच्या दोन्ही बाजूंना बारीक चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. सुती दोरा वापरला तर पहिल्या धुण्यात दोरा आटतो, कापड आटत नाही, आणि पुन्हा त्याच चुण्या. पँटच्या आसनाला दुहेरी शिलाई मारा. तिथेच जुन्या शिंप्यांनी मागच्या बाजूला एक ते दीड इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड, ठेवलेली सापडेल. कंबर वाढवायची असेल तर ती माया म्हणजे ठेवच.

पेटीतला कुबट वास जात नाही. काय करावं?

आधी सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस टांगा. मग पाच लिटर कोमट पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून कपडा अर्धा तास बुडवा, आणि त्यानंतर साध्या साबणाच्या पाण्यात धुवा. धातूची बटणं किंवा बक्कल असतील तर ती व्हिनेगरमध्ये ठेवू नका.

काखेतला वास याने जाईलच असं नाही. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, पण अंगाचं तेल घट्ट धरून ठेवतं, आणि वास त्या तेलाचा असतो. तिथे भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब बोटाने चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा. पाणी ४० अंशांच्या वर नको. जास्त गरम पाण्यात टेरिकॉटला पडलेल्या सुरकुत्या कायमच्या बसतात. पिळूही नका, निथळत ठेवा. ‘वॉश अँड वेअर’ या नावाने हे कापड विकलं गेलं ते याच गुणावर.

पांढरं नायलॉन पिवळं पडलंय. पुन्हा पांढरं होईल का?

पूर्ण नाही. नायलॉन ऊन, उष्णता आणि हवा यांनी स्वतःच पिवळं पडतं, आणि दुसऱ्या कपड्यांचा सुटलेला रंगही पटकन ओढून घेतं. क्लोरीनचं ब्लीच घातलं तर पिवळेपणा वाढतो आणि धागा कमजोर होतो, म्हणून ते अजिबात नको. ऑक्सिजन ब्लीच पाकिटावरच्या प्रमाणात कोमट पाण्यात घाला, दोन-तीन तास बुडवा, सावलीत वाळवा. रंग ओढल्यामुळे आलेला मळकटपणा बराच उतरतो. धाग्यातच मुरलेला पिवळेपणा राहणार. तो मान्य करून साडी फिकट बदामी म्हणून नेसा. नीळ घातल्याने दोन दिवस बरं दिसतं, पुढे निळसर डाग दिसू लागतात.

इस्त्री केल्यावर पँट चकाकायला लागली. हे काढता येतं का?

नाही. तो डाग नसतो, तिथले धागे वितळून चपटे झालेले असतात. इस्त्रीवर एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. नायलॉनला एक, टेरिलिन-टेरिकॉटला दोन, आणि दोन्हींच्या वर ओलसर सुती फडकं. शक्यतो उलट्या बाजूने करा.

याच कारणाने खालची दुमड सोडून पँट लांब केली की जुन्या घडीची रेघ दिसत राहते. ती घडी उष्णतेने धाग्यात बसलेली असते. अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर अशा मिश्रणात फडकं भिजवून दाबली तर रेघ फिकट होते, नाहीशी होत नाही. त्या रेघेवर एक टीप मारून टाकणं हा जास्त प्रामाणिक उपाय.

खरी बेलबॉटम आणि हल्लीची ‘फ्लेअर’ पँट एकच का?

नाही, आणि नाटकाच्या वेशभूषेत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. घेरदार पायाची पँट मुळात खलाशांची. साठच्या दशकात पाश्चात्त्य देशांतल्या तरुणांनी ती जुन्या लष्करी मालाच्या दुकानांतून उचलली आणि तिथून ती सिनेमामार्गे आपल्याकडे आली. आपल्याकडच्या बेलबॉटमची ओळख अशी: कंबर बेंबीच्या थोडी खाली, सीट आणि मांडी घट्ट, गुडघ्याच्या वर एक-दोन इंचांवर सर्वांत अरुंद, आणि तिथून थेट तळापर्यंत सरळ रेषेत फुलत जाणारा घेर. पुढे चुण्या नाहीत. पट्टा दोन इंच रुंद, त्यामुळे लुपाही रुंद.

कापड हा त्याहून मोठा फरक. हल्लीच्या पँटच्या कापडात ताणणारा धागा असतो, म्हणून घेर लोंबतो. जुनं टेरिकॉट किंवा टेरिवूल कडक उभं राहायचं आणि पुढची घडी सुरीसारखी राहायची. साध्या सुती कापडाचा २६ इंची घेर दुपारपर्यंत चुरगळून गेला असता. बेलबॉटम हा कट टेरिकॉटमुळे रस्त्यावर टिकला असं आमचं ठाम मत आहे.

नवीन बेलबॉटम शिवायला कापड किती लागेल?

५८ इंच पन्ह्याचं कापड धरू. २६ इंच बॉटमसाठी पुढचा भाग तळाला १२ इंच, मागचा १४. दोन पायांचे चार तुकडे मिळून ५२ इंच, त्यात प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे ५६. पन्ह्यात बसतं. ४१ इंच उंचीसाठी १.४० मीटर घ्या. पट्टी आणि खिशाचे तुकडे गुडघ्यापाशी सुटणाऱ्या जागेतून आणि वरच्या उरलेल्या कापडातून निघतात.

२८ इंच बॉटमला हाच हिशोब ६० वर जातो, म्हणजे एका ओळीत बसत नाही. मग दोन तुकडे सुलटे, दोन उलटे असे डोकं-पाय करून मांडावे लागतात. पण मखमल, कॉर्डुरॉय किंवा एकाच दिशेचं प्रिंट असेल तर हे चालत नाही, कारण दोन तुकड्यांची छटा वेगळी दिसते. तिथे सरळ दुप्पट लांबी घ्या.

उंची नेहमी बूट घालून मोजा. पुढून कापड बुटाच्या वरच्या भागावर टेकलं पाहिजे, मागून जमिनीपासून अर्धा इंच वर राहिलं पाहिजे. अनवाणी मोजलेली बेलबॉटम बुटावर आखूड होते, आणि आखूड बेलबॉटम वाईटच दिसते.

घरात साधी पँट आहे. तिचीच बेलबॉटम होईल का?

होते, कळी, म्हणजे शिलाईत बसवलेला त्रिकोणी तुकडा, घालून. १६ इंच बॉटमची २६ करायची तर प्रत्येक पायाला १० इंच हवेत. हे १० इंच बाहेरच्या एकाच शिलाईत घातले तर पाय बाहेरच्या बाजूला झुकतो. म्हणून बाहेर ५ आणि आत ५ घाला.

दोन्ही शिलाया तळापासून गुडघ्यापर्यंत, साधारण १६ इंच उसवा. कळीचा त्रिकोण १७ इंच उंच, तळाला ६ इंच रुंद कापा; अर्धा-अर्धा इंच शिलाईत जाईल. उभा धागा कळीच्या मधोमध यायला हवा. शिलाई टोकाकडून तळाकडे मारा, उलट मारली तर टोकाशी फुगा येतो. मग पँट एक रात्र टांगून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तळ सारखा कापून दुमडा. कळीच्या तिरक्या कडा रात्रभरात थोड्या लोंबतात. लगेच दुमडलं तर दोन धुण्यांनंतर तळ वरखाली दिसतो.

जुन्या बेलबॉटमच्या तळाला चेन का लावलेली असते?

तळ झिजू नये म्हणून. मागचा घेर टाचेखाली यायचा, रस्त्यावर घासायचा आणि महिन्याभरात झिरमिळ्या निघायच्या. त्यावर धातूच्या चेनची एक बाजू दुमडीच्या कडेला शिवून घ्यायची, म्हणजे जमिनीला दात घासतात, कापड नाही. वर ती चमकायचीही. २६ इंच बॉटमला सुमारे २८ इंच सलग चेन घ्या, तिच्या दोन बाजू वेगळ्या करा. एक डाव्या पायाला, एक उजव्या. दात दुमडीच्या खाली जेमतेम दिसतील इतकेच ठेवा. नायलॉनची गुंडाळी चेन इथे निरुपयोगी आहे, तीच घासून जाते.

पुढची धातूची चेन अडकत असेल तर ओढाताण करू नका. दातांवर पेन्सिलीचं शिसं किंवा मेणबत्ती घासा. पितळेवर हिरवट थर असेल तर आधी कोरड्या टूथब्रशने काढा.

कॉलरीचं लांब टोक कापून शर्ट आजच्यासारखा करून घेता येईल का?

येईल, पण करू नये असं आम्ही सांगू. टोक छोटं केलं तरी अंगाचा घट्ट कट, रुंद कफ आणि मोठी फुलं तशीच राहतात, आणि शर्ट धड जुना नाही, धड नवा नाही असा होतो. कॉलर झिजली असेल तर जुनाच उपाय करा: पट्टीपासून कॉलर उसवून उलटी करून घ्या. झिजलेली घडी खाली जाते, आतली कोरी बाजू वर येते. कॉलरीतला कॅनव्हास चुरा झाला असेल तर त्याच वेळी बदला. मात्र चिकटवायचा बुकरम (कॉलरीतलं कडक अस्तर) टेरिलिनला लावताना इस्त्री दोन ठिपक्यांच्या वर नेऊ नका. तो नीट चिकटत नसेल तर शिवून घ्यायचा कॅनव्हास वापरा.

सफारी सूट आजच्या मापाचा करता येतो का?

पँट सहज होते. वरचा कोट कमरेला सैल-घट्ट करता येतो, खांदा मात्र नाही. खांदा कमी केला की मुंढा (बाही जोडतात ती काखेभोवतीची गोलाई) आणि बाही दोन्ही पुन्हा कापावी लागतात आणि छातीवरचे खिसे काखेकडे सरकतात. खांदा अर्ध्या इंचाहून जास्त मोठा असेल तर हात लावू नका.

नायलॉनची साडी कापून ड्रेस शिवू का?

साडीला भोक, जळलेला डाग किंवा फाट नसेल तर नको. जुन्या नायलॉनचं प्रिंट आता तसं निघत नाही, आणि पाच-साडेपाच मीटर अखंड कापड एकदा कापलं की परत येत नाही. बहुतेक साड्यांना फक्त नवा फॉल लागतो. जुना सुती फॉल आटलेला असतो आणि साडी आटत नाही, म्हणूनच निऱ्यांपाशी खालचा काठ गोळा झालेला दिसतो. फॉल काढा, पॉलिएस्टरचा लावा. सुतीच लावायचा तर एक रात्र भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग लावा.

नायलॉन निसटतं, निऱ्या राहत नाहीत. आत सॅटीनचा परकर नको, सुती घ्या. नेसण्यापूर्वी हाताने पाण्याचा हलका शिडकावा दिला की अंगाला चिकटणंही कमी होतं.

बॉबी प्रिंट आणि मुमताझ साडी म्हणजे काय?

बॉबी प्रिंट म्हणजे मोठे ठिपके; नाव १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमावरून पडलं. मुमताझ साडी त्याआधीची, १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’तली: अंगाला घट्ट लपेटलेली, थर दिसतील अशी आणि काठाला जाड पट्टी असलेली. ती नेसण्यापेक्षा शिवून घेतलेली बरी, पायऱ्या चढताना तरी.

मुंबईच्या उकाड्यात लोक टेरिलिन घालत कसे होते?

त्रास होत असे. नेहमीच्या दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतं, नायलॉन चारच्या आसपास, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम कापडात जात नाही, अंगावरच राहतो. तरीही लोक घालत, कारण रात्री धुवून दोरीवर टाकलेला शर्ट सकाळी कोरडा आणि बिनइस्त्रीचा तयार असे. चाळीच्या एका खोलीत, सकाळच्या नळाच्या वेळेत, दोन शर्टांवर आठवडा काढणाऱ्या नोकरदाराला याची किंमत फार होती. शिवाय हे कापड महाग होतं, करही जबर होते, त्यामुळे अंगावर टेरिलिन असणं म्हणजे बरं चाललंय असा अर्थ होत असे. या कपड्यांना नुसती फॅशन म्हणून हसणं म्हणूनच चुकीचं आहे.

हे कपडे घालून स्वयंपाक किंवा आरती केली तर चालेल?

नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं, आणि भाजणं खोलवर जातं. गॅस, निरांजन, पणत्या, फटाके यांच्याजवळ ही साडी किंवा बेलबॉटमचा घेर नको. दिवाळीतल्या ‘रेट्रो’ कार्यक्रमात फोटो काढून झाले की सुती कपडे घाला. कापड चिकटलंच तर ते ओढून काढू नका. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी धरा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

गॉगल, बूट, पट्टा आणि घड्याळ वापरता येतील का?

घड्याळ हो, बाकीचं जपून. चावीची एचएमटी वर्षानुवर्षं पडून असेल तर चावी देऊन चालवून बघू नका. आतलं तेल सुकलेलं असतं आणि कोरडी चाकं एकमेकांना खातात. आधी साफसफाई आणि तेलपाणी करून घ्या. मग रोज ठरावीक वेळी चावी द्या, अडथळा जाणवला की थांबा. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात हाताने तारीख बदलू नका. पाण्यापासून लांब ठेवा.

गॉगलच्या फ्रेमला व्हिनेगरसारखा वास येत असेल किंवा पांढरी भुकटी दिसत असेल, तर ते प्लास्टिक विघटित होतंय. तो वेगळ्या डबीत ठेवा, इतर वस्तूंबरोबर नको. रेक्झिनचा पट्टा चिकट झाला असेल तर तो बरा होत नाही. उंच तळव्याचे बूट आधी घरात दहा मिनिटं चालून पाहा. फोमचा किंवा चिकटवलेला तळवा बाहेरून अखंड दिसतो आणि पहिल्या पायरीवर निखळतो.

पुन्हा ठेवताना डांबरगोळ्या घालू का?

टेरिलिन आणि नायलॉनला कसर लागत नाही, त्यांना गोळ्यांची गरजच नाही. उलट गोळीचा वास वर्षभर जात नाही, आणि ती टेकली तर काही प्लास्टिकची बटणं मऊ होतात. टेरिवूलला मात्र लोकरीमुळे कसर लागते. लागलेली दिसली तर कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस न उघडता राहू द्या, नाहीतर कपड्यावर दव धरतं. मग झटकून ब्रश करा.

ठेवण्यापूर्वी प्रत्येक कपडा धुतलेला, पूर्ण सुकलेला आणि बिनखळीचा हवा. खळ हे कसरीचं खाणं आहे. जरीच्या साड्या वेगळ्या ठेवा, जुन्या मलमलीत गुंडाळून; जरीला रबरबँड लागला तर तिथे काळा पट्टा पडतो. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, कपड्यांच्या घडीत नाही. ट्रंकेचा तळ गंजलेला असेल तर आधी जुनी चादर अंथरा. पावसाळा संपला की ऑक्टोबरात एकदा सगळं बाहेर काढून सावलीत वारं द्या आणि परत ठेवताना घड्या नव्या जागी मोडा.